वासाच्या भातातून निवड करायची तर आधी मोजायचं काय आणि कसं

घनसाळ, कोथमिरसाळ, जिरगा असली वासाची भातं गोव्यात ज्यांच्या घरी अजून टिकून आहेत, त्यातले बहुतेक लोक बियाणं ठेवताना एकच गोष्ट करतात. कापणीच्या आधी शेतात एक फेरी मारायची, मोठ्या भरलेल्या लोंब्या दिसतील त्या काढायच्या आणि पुढच्या सरदीसाठी म्हणजे पावसाळी हंगामासाठी बांधून ठेवायच्या. पद्धत वाईट नाही, बियाणं स्वच्छ राहतं, भेसळ कमी होते, पण वर्षानुवर्षं असं करूनही उतारा फारसा हलत नाही आणि मग लोक म्हणतात की जुन्या भाताला तेवढंच यायचं, सोडा आता, ज्योतीसारखं सुधारित वाण लावूया. मला हे ऐकलं की वाईट वाटतं, कारण भात कमी पडलेलं नसतं, निवडीची रीत कमी पडलेली असते.

लोंबी मोठी का झाली याची दोन कारणं असू शकतात. एक, त्या रोपाच्या जनुकांतच ते आहे. दुसरं, ते रोप मेरेच्या कडेला होतं, ऊन जास्त मिळालं, शेजारचं रोप मेलेलं होतं म्हणून जागा मोकळी मिळाली, किंवा शेण नेमकं तिथे जास्त पडलं. पहिलं कारण बियाण्यातून पुढे जातं, दुसरं जात नाही. डोळ्याला दोन्ही लोंब्या सारख्याच दिसतात. दिसणाऱ्या एकूण फरकातला किती वाटा जनुकांचा आहे हे टक्क्यात काढणं म्हणजे हेरिटॅबिलिटी, मराठीत आनुवंशिकता. आणि मुळात फरक आहे किती, हे म्हणजे जनुकीय विविधता. हे दोन आकडे हातात आले की कुठल्या गुणावर निवड करायची आणि कुठल्या गुणामागे धावून वर्षं फुकट घालवायची नाहीत ते कळतं.

आपलं पारंपरिक भात हे एकच शुद्ध वाण नसतं. भात स्वतःच्याच परागाने फळतं, परपरागण अगदी थोडं, साधारण एक टक्क्याच्या आतबाहेर, त्यामुळे प्रत्येक रोपाची ओळ पिढ्यान्‌पिढ्या आपापली शुद्ध होत जाते, आणि घरचं बियाणं म्हणजे अशा कितीतरी शुद्ध ओळींचं मिश्रण असतं. डेन्मार्कच्या योहानसेनने १९०३ साली घेवड्यावर हेच दाखवलं होतं. मिश्र बियाण्यातून वेगवेगळ्या ओळी काढल्या तर त्यांच्यात खरा फरक निघतो, पण एकाच शुद्ध ओळीतले मोठे दाणे आणि छोटे दाणे वेगळे लावले तर पुढच्या पिढीत दोघांचे दाणे सारखेच येतात. म्हणजे आपल्याला ओळी वेगळ्या करायच्या आहेत, एकेका लोंबीवर भाळून चालणार नाही.

पहिल्या वर्षी काय करायचं ते सांगतो. शेत पिकलं की मेरेपासून दोन-तीन ओळी आत शिरा आणि शेतभर फिरून ५० ते १०० लोंब्या काढा, प्रत्येक वेगळ्या रोपाची. फक्त मोठ्याच काढू नका हं, इथेच सगळे चुकतात, लहान, मध्यम, कुसळवाली, बिनकुसळाची, तुसाचा रंग वेगळा असलेली, लवकर पिकलेली, उशिरा पिकलेली सगळी घ्या, कारण आत्ता आपण फरक गोळा करतोय, निवड नंतर. प्रत्येक लोंबी वेगळ्या कागदी पाकिटात, वर नंबर, गावाचं नाव, जमीन मोरड (उंचावरची) का खेर (रेताड) का खाजन (खाडीकाठची खारी), आणि एक मोबाईलवर फोटो. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो. आणि उरलेलं घरचं मिश्र बियाणं आहे तसं वेगळं सांभाळून ठेवा, ते कधीच संपवायचं नाही.

पावसाला सुरुवात झाली की प्रत्येक लोंबीचा तरवा वेगळा टाका आणि लावणी करताना प्रत्येक लोंबीची एक ओळ, एका जागी एकच रोप. तीन-चार रोपं एकत्र खोवायची आपली सवय इथे बाजूला ठेवायची, नाहीतर फुटवे कुणाचे मोजताय तेच कळणार नाही. दर दहा ओळींनंतर एक ओळ ज्योतीची किंवा जयाची लावा, तुलनेला. या वर्षी फार मोजमाप नको, फक्त बघायचं की ओळ एकसारखी आहे का. सगळी रोपं एका उंचीची, एकाच वेळी निसवलेली म्हणजे लोंबी बाहेर आलेली, एकाच रंगाची असतील तर ती ओळ शुद्ध. ओळीतच कमीजास्त दिसत असेल तर कधीतरी परागीभवनात बाहेरचं मिसळलंय, ती ओळ सध्या बाजूला ठेवा.

आणि याच वर्षी वासाची चाचणी करून घ्यायची, तीही पानावर. भाताचा वास मुख्यतः एका रसायनामुळे येतो, नाव टू-असिटाइल-वन-पायरोलीन, थोडक्यात टू-एपी. बासमती असो, आंबेमोहर असो, सगळीकडे मुख्य हेच. आठव्या गुणसूत्रावर बीएडीएच२ नावाचं जनुक असतं, ते चालू असलं तर टू-एपी साठत नाही, आणि ते बिघडलेलं असलं तर साठतं. म्हणजे वास हा अप्रभावी गुण, आईबापाकडून दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या तरच रोप वासाचं. बऱ्याच वासाच्या भातांत त्या जनुकातली डीएनएची ८ अक्षरं गळालेली सापडतात. याचा शेतावर उपयोग असा की शेजारच्या ज्योतीचा पराग जर तुमच्या घनसाळवर पडला तर त्या दाण्यातून उगवणाऱ्या रोपाच्या पानाला वास येणार नाही. निसवायच्या आधीच पानाची चाचणी करून असं रोप उपटून टाकलं की भेसळ पुढे जातच नाही. दाणा बाजारात गेल्यावर वास गेला वास गेला म्हणत बसण्यापेक्षा हे खूप बरं.

चाचणी सूद आणि सिद्दीक यांनी १९७८ मध्ये दिलेली, शाळेच्या लॅबमध्ये सुद्धा होते. १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साईडचं पाणी लागतं, म्हणजे १.७ ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साईड थोड्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायचं आणि मग पाणी घालून एकूण १०० मिली करायचं. हा पदार्थ कातडी जाळतो, डोळ्यात गेला तर फार वाईट, म्हणून हातमोजे आणि चष्मा घालूनच, मुलं असतील तर केमिस्ट्रीच्या शिक्षकांना सोबत घेऊनच. बाटली प्लास्टिकची ठेवा, काचेचं बूच चिकटून बसतं. मग कोवळी पानं कात्रीने बारीक कापायची, साधारण २ ग्रॅम, काचेच्या झाकणाच्या बशीत घालायची, वर १० मिली ते पाणी, झाकण लावून १० मिनिटं थांबायचं आणि झाकण उघडल्याबरोबर लगेच वास घ्यायचा. नाक बशीत खुपसू नका, हाताने हवा नाकाकडे ओढा. वास नसेल तर ०, थोडा १, मध्यम २, जोरदार ३ असे मार्क द्यायचे.

इथे माणसं फार महत्त्वाची. किमान तीन-चार जणांनी वास घ्यावा, सर्दी झालेला नको, विडी-सिगारेटवाला नको, सेंट मारून आलेला नको, आणि कुठल्या बशीत काय आहे हे त्यांना माहीत नको. बशीखाली फक्त नंबर. त्यात एक बशी खात्रीच्या वासाच्या भाताची आणि एक ज्योतीची लपवून ठेवायची, ज्योतीला जो माणूस ३ मार्क देईल त्याचे आकडे बाजूला काढायचे. एका बैठकीत सहा-आठ बशांच्या वर जाऊ नका, नाक थकतं आणि मग सगळंच सारखं वाटायला लागतं.

दुसऱ्या वर्षी खरी मोजणी. शुद्ध आणि वासाच्या ठरलेल्यांतल्या १० ओळी घ्या, त्यात घरचं मिश्र बियाणं एक आणि तुलनेचं वाण एक, असे १२ नग. प्रत्येक नग तीन वेळा लावायचा, म्हणजे ३६ वाफे. एक वाफा ५ ओळी आणि प्रत्येक ओळीत १० रोपं, अंतर २० बाय १५ सेंटीमीटर, म्हणजे वाफा दीड चौरस मीटरचा. मधल्या वाटा धरून सगळं शंभरेक चौरस मीटरात बसतं, यासाठी मोठं शेत लागत नाही.

पण वाफे कसे मांडायचे यात डोकं लावायचं. शेताचे तीन पट्टे करायचे आणि प्रत्येक पट्ट्यात बाराही नग एकेकदा यायला हवेत, चिठ्ठ्या टाकून, आपल्या मर्जीने नाही. पट्टे असे आखायचे की एका पट्ट्याच्या आत जमीन शक्य तितकी सारखी राहील. मोरडावर पाणी वरून खाली जातं, वरचा भाग आधी सुकतो, म्हणून पट्टे उताराला आडवे. खाजनात बांधाजवळ खारेपणा जास्त, आत कमी, म्हणून पट्टे बांधाला समांतर, एक बांधाजवळचा, एक मधला, एक आतला. हे उलटं केलं, म्हणजे एका पट्ट्याचं एक टोक बांधाला आणि दुसरं आत, तर खारेपणाचा फरक सगळा वाणांच्या माथी बसतो आणि पुढचं कितीही सुंदर गणित केलं तरी आकडे खोटे येतात. या पद्धतीला आरबीडी म्हणजे रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन म्हणतात.

सगळ्या वाफ्यांची पेरणी एका दिवशी, लावणी एका दिवशी. जुनी भातं बरीचशी दिवसाच्या लांबीवर चालतात, दिवस लहान व्हायला लागले की निसवतात, म्हणून लवकर पेरलं तरी निसवायची तारीख फारशी सरकत नाही, नुसती उंची वाढते आणि मग पिकल्यावर लोळतात. युरियाही बेताने, या उंच भातांना जास्त नत्र दिलं की लोळलंच म्हणून समजा, आणि लोळलेल्या वाफ्याचा उतारा मोजण्यात अर्थ नसतो.

मोजायचं काय? कडेची रोपं सोडून आतली पाच रोपं प्रत्येक वाफ्यात आधीच दोरा बांधून ठरवून ठेवा, नंतर चांगली दिसणारी निवडायची नाहीत. निम्मी रोपं निसवायला लागलेले दिवस, उंची, लोंब्या येणारे फुटवे, लोंबीची लांबी, लोंबीतले भरलेले दाणे आणि पळींज म्हणजे पोकळ दाणे वेगळे, हजार दाण्यांचं वजन, एका रोपाचा उतारा. वजनं करताना भात सारखं वाळलेलं हवं, ओलावा १४ टक्क्यांच्या आसपास, आज एक वाफा आणि चार दिवसांनी दुसरा असं तोललं तर ओलाव्याचाच फरक मोजला जातो. तांदळाची लांबी-रुंदी वर्निअरने, आणि शिजल्यावर दाणा किती लांबतो तेही बघा, थोडे दाणे भिजवून उकळत्या पाण्यात १० मिनिटं शिजवायचे आणि शिजल्यानंतरच्या लांबीला आधीच्या लांबीने भागायचं. ते १.७ टक्क्याचं पाणी उरलं असेल तर त्याचा आणखी एक उपयोग आहे. सहा सडलेले म्हणजे कोंडा काढलेले तांदूळ त्याच १० मिली पाण्यात, ३० अंशाला, २३ तास न हलवता ठेवायचे. दाणा जितका पसरून विरघळतो तितका तो कमी तापमानाला शिजणारा, याला १ ते ७ मार्क देतात. शीत मऊ होणार का मोकळं, याचा थोडा अंदाज इथे येतो.

आता गणित. घाबरण्यासारखं काही नाही, एक्सेल पुरतं. एका गुणाचा एक तक्ता, आडव्या ओळीत वाणं, उभ्या रकान्यात तीन पट्टे, प्रत्येक चौकटीत त्या वाफ्यातल्या पाच रोपांची सरासरी. डेटा अॅनालिसिसमध्ये अॅनोव्हा टू-फॅक्टर विदाउट रेप्लिकेशन निवडा. नावात विदाउट आहे म्हणून गोंधळू नका, आपले पट्टे हाच दुसरा फॅक्टर. त्यातून दोन आकडे घ्यायचे, ओळींचा एमएस आणि एररचा एमएस. एमएस म्हणजे मीन स्क्वेअर, त्या कारणाने पडलेल्या फरकाचं माप, आणि एरर म्हणजे वाणं आणि पट्टे सोडून उरलेला फरक. ओळींचा फरक सिग्निफिकंट म्हणजे नुसत्या योगायोगापलीकडचा नसेल तर त्या गुणासाठी तिथेच थांबा, फरकच नाही तर निवडणार काय.

फरक असेल तर ओळींच्या एमएसमधून एररचा एमएस वजा करा, पट्ट्यांच्या संख्येने म्हणजे ३ ने भागा, हा झाला जनुकीय फरक. त्यात एररचा एमएस मिळवला की एकूण दिसणारा फरक. पहिल्याला दुसऱ्याने भागून १०० ने गुणलं की हेरिटॅबिलिटी. नुसत्या सरावासाठी मनाने धरलेले आकडे घेऊ. उंचीत ओळींचा एमएस ६२०, एररचा २०, सरासरी उंची १३० सेंटीमीटर. ६२० वजा २० म्हणजे ६००, भागिले ३, जनुकीय फरक २००. एकूण २२०. हेरिटॅबिलिटी ९१ टक्के. आता रोपाचा उतारा घ्या, ओळींचा एमएस ३०, एररचा १२, सरासरी १८ ग्रॅम. जनुकीय फरक ६, एकूण १८, हेरिटॅबिलिटी ३३ टक्के. ३० च्या आत असेल तर कमी, ३० ते ६० मध्यम, ६० च्या वर जास्त असं धरतात.

पुढे जीसीव्ही आणि पीसीव्ही, म्हणजे जनुकीय फरक आणि दिसणारा एकूण फरक सरासरीच्या मानाने किती टक्के. जनुकीय फरकाचं वर्गमूळ भागिले सरासरी गुणिले १०० म्हणजे जीसीव्ही, तेच एकूण फरकाचं केलं की पीसीव्ही. १० च्या आत कमी, २० पर्यंत मध्यम, त्यावर जास्त. आपल्या उदाहरणात उंचीचे १०.९ आणि ११.४, अगदी जवळजवळ, म्हणजे दिसतंय ते बहुतेक जनुकांचंच. उताऱ्याचे १३.६ आणि २३.६, मधली ती दरी म्हणजे पाऊस, माती, खत, किडी. मेरेच्या कडेची ती मोठी लोंबी याच दरीत असते.

आणि शेवटचा आकडा जेनेटिक अॅडव्हान्स, म्हणजे वरच्या ५ टक्के ओळी निवडल्या तर पुढे अपेक्षित फायदा किती. २.०६ गुणिले एकूण फरकाचं वर्गमूळ गुणिले हेरिटॅबिलिटी, पण इथे हेरिटॅबिलिटी टक्क्यात नाही, ०.९१ अशी घ्यायची, ही गफलत फार होते. उंचीचं २७.८ सेंटीमीटर येतं, सरासरीच्या २१ टक्के. उताऱ्याचं २.९ ग्रॅम, सरासरीच्या १६ टक्के. हेरिटॅबिलिटी जास्त आणि हाही आकडा सरासरीच्या २० टक्क्यांवर, असा गुण मिळाला की त्यावर बिनधास्त निवड करा. हेरिटॅबिलिटी जास्त पण हा आकडा कमी असेल तर गुण पक्का आहे पण ओळींत फरकच थोडा आहे, निवडून फार हाती लागणार नाही.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी धरून ठेवा. हेरिटॅबिलिटी ही घनसाळची नसते, तुमच्या त्या शेतातल्या त्या वर्षीच्या त्या दहा ओळींची असते. एकाच जागी एकाच वर्षी काढली तर ती जरा फुगलेलीच येते, कारण एखादी ओळ फक्त त्याच जमिनीत चांगली आली असेल तर तेही जनुकांच्या खात्यात जमा होतं. म्हणून तिसऱ्या वर्षी दुसऱ्या गावात तोच प्रयोग लावा, कुणी ओळखीचा सत्तरीत, कुणी फोंड्यात असेल तर उत्तमच. दुसरं, एकट्या रोपाच्या उताऱ्याची हेरिटॅबिलिटी कमी आली म्हणून निराश व्हायचं नाही, त्याचा अर्थ एवढाच की उतारा थेट एका रोपावर बघून निवडू नका, पूर्ण ओळीवर आणि तीन पट्ट्यांच्या सरासरीवर निवडा, शिवाय लोंबीतले भरलेले दाणे, लोंबीची लांबी असे गुण पक्के निघाले असतील तर त्यांच्यामार्फत जा.

पण पक्का गुण दोन्ही बाजूंना ओढतो हे विसरू नका. हजार दाण्यांच्या वजनाची हेरिटॅबिलिटी बहुतेक वेळा जास्तच येते, आणि उतारा वाढतो म्हणून जाड दाण्याच्या ओळी निवडत गेलात तर चार वर्षांत तुमच्याकडे भरपूर पिकणारं भात असेल आणि ते घनसाळ राहिलेलं नसेल. बारीक दाणा हीच त्याची ओळख, चवथीच्या खिरीला लोक त्यासाठीच मागतात. मी तर दाण्याचा आकार आणि वास हे दोन आधी पक्के करीन, त्यात बसतात तेवढ्याच ओळी ठेवीन, आणि मग त्यांच्यातून कमी उंचीच्या, न लोळणाऱ्या बघीन. उंची इतकी पक्की उतरते आणि लोळण्याने इतकं नुकसान होतं की सगळ्यात लवकर फायदा तिथेच आहे. उंची कमी करायचा दुसरा रस्ता संकराचा, आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ च्या संकरातून वडगाव मावळला इंद्रायणी झाली, १९८७ मध्ये आली आणि गाजली, पण त्याला वर्षं लागतात आणि तो संशोधन केंद्राचा उद्योग आहे. ओळी निवडणं आपल्याला घरी जमतं.

वासाचं मात्र वरच्या गणितात बसवू नका. वास आहे का नाही हे जवळजवळ पूर्ण जनुकांवर, पण किती आहे हे हवेवर. दाणा भरताना रात्री थंड असतील तर टू-एपी जास्त साठतं, गरम हवेत कमी. म्हणून एकच ओळ घाटाच्या पायथ्याला जास्त वासाची आणि किनाऱ्याकडे फिकी लागू शकते, त्यात बियाण्याचा दोष नाही. कापणीला उशीर करू नका, लोंबीतले शेंड्याकडचे बहुतेक दाणे पिवळे झाले की कापा, सावलीत वाळवा, तापलेल्या डांबरी रस्त्यावर पसरू नका, आणि सडून ठेवण्यापेक्षा भात तुसासकट ठेवा, लागेल तसं सडा, कारण सडलेल्या तांदळातला वास ठेवून ठेवून उडतो.

चांगल्या तीन-चार ओळी हाती आल्या की त्या वेगवेगळ्या वाढवा आणि शेजारच्या दुसऱ्या वाणापासून निदान तीन-चार मीटर लांब ठेवा, नाहीतर निसवायची वेळ वेगळी येईल असं बघा. जुन्या गोव्याला एला इथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारी शेतीची संस्था आहे, तिथे भातावर काम करणारे शास्त्रज्ञ आहेत, आकडे घेऊन जा, नुसतं आमचं भात चांगलं म्हणून जाण्यापेक्षा तीन वर्षांचा तक्ता समोर ठेवला की बोलणं वेगळंच होतं. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याच्या वाणाची नोंदणी करता येते, आणि त्यासाठी वाण इतरांहून वेगळं, एकसारखं आणि स्थिर आहे हे दाखवावं लागतं, जे तुम्ही ओळी शुद्ध करताना अर्धंअधिक लिहून ठेवलेलंच असतं. नोंदणी गावातल्या गटाच्या नावाने करता येते, तीच करा. आणि ते पहिल्या वर्षी बाजूला ठेवलेलं मिश्र बियाणं, ते दर वर्षी एका छोट्या वाफ्यात निवड न करता लावत राहा, कारण आज ज्या ओळी आपण सोडल्या त्यातली एखादी पुढे खाऱ्या पाण्याला किंवा करप्याला टिकणारी निघू शकते.